मुलाच्या लघवीच्या जागेची कातडी मागे सरत नाही? ओढू नका, आधी हे समजून घ्या

वडगाव मावळ : मुलाला अंघोळ घालताना आईच्या लक्षात येतं की लघवीच्या जागेची पुढची कातडी मागे सरकत नाही. किंवा लघवी करताना कातडीचा फुगा होतो. कधी पोरगं "दुखतंय" म्हणून रडतं. मग घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणते रोज तेल लावून मागे ओढ. शेजारी म्हणतो ऑपरेशन करावंच लागतं. विषय लाजेचा, त्यामुळे डॉक्टरांना विचारायचं राहून जातं आणि जो तो आपल्या मनाने उपाय करत बसतो.

कातडी मागे न सरण्याच्या या अवस्थेला डॉक्टर 'फायमोसिस' म्हणतात. नाव ऐकून मोठा आजार वाटतो. पण लहान मुलांत बहुतेक वेळा हा आजार नसतोच, ती वाढीची एक पायरी असते. थोड्या मुलांत मात्र तो खरा आजार असतो आणि तिथे उशीर करून चालत नाही. दोन्हींतला फरक पालकांना कळला की निम्मी काळजी मिटते.

थोडक्यात सांगायचं तर

- पाच-सहा वर्षांपर्यंत कातडी मागे सरली नाही तरी चालते. त्रास नसेल तर त्यानंतरही थांबता येतं.
- कातडी जबरदस्तीने मागे ओढायची नाही. आईने नाही, आजीने नाही, मालिश करणाऱ्या बाईनेही नाही.
- कातडीच्या टोकाला पांढरा कडक चट्टा, वारंवार सूज, पू, लघवीची धार बारीक होणं, ताप येणं यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं.
- मागे गेलेली कातडी पुढे येईना आणि टोक सुजलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

जन्मतः कातडी चिकटलेलीच असते

शिश्नाच्या टोकाला बोंड म्हणतात. त्यावर कातडीचं टोपडं असतं. गर्भात बाळाची वाढ होताना हे टोपडं आणि बोंड एकमेकांना चिकटलेले असतात, जसं नख खालच्या मांसाला चिकटलेलं असतं. बाळ जन्मल्यावरही ते तसंच राहतं. ही निसर्गाची सोय आहे. बाळ लंगोटात शी-शू करतं तेव्हा आतला नाजूक भाग झाकलेला राहतो.

पुढे मूल वाढतं तसा हा चिकटपणा आपोआप सुटत जातो. आतल्या जुन्या पेशी गळतात, मुलाचं शिश्न अधूनमधून ताठ होतं (हे तान्ह्या बाळांतही होतं आणि त्यात वावगं काही नाही), आणि कातडी हळूहळू मोकळी होते. कातडीचं तोंडही वयाबरोबर रुंद होतं. यासाठी कोणी काही करावं लागत नाही.

कोणत्या वयात मोकळी होते?

याचं एकच उत्तर नाही. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा. ब्रिटनमधील डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये याचा अभ्यास छापला. त्यांना आढळलं की जन्मतः १०० पैकी साधारण ४ मुलांचीच कातडी पूर्ण मागे जाते. एक वर्षाच्या वयात ५० मुलांची आणि तीन वर्षांच्या वयात ९० मुलांची जाते. त्या काळी इंग्लंडात कातडी काढण्याचं ऑपरेशन सर्रास होत असे आणि त्यात मुलं दगावतही होती. गेर्डनर यांच्या अभ्यासानंतर तिथे अशी विनाकारण ऑपरेशनं कमी झाली.

पुढच्या पाहण्यांत मात्र दिसलं की बऱ्याच मुलांना याहून जास्त वेळ लागतो. डेन्मार्कच्या डॉक्टर ऑस्टर यांनी शाळकरी मुलं वर्षानुवर्षे तपासून १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले. सहा ते सात वर्षांच्या १०० मुलांत ८ जणांची कातडी घट्ट होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण १०० मागे १ वर आलं. जपानमध्ये १९९६ साली छापलेल्या पाहणीत ११ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी साधारण ६३ टक्के मुलांचीच कातडी पूर्ण मागे जात होती. बाकीची मुलं आजारी नव्हती, त्यांचा वेळ अजून आलेला नव्हता.

म्हणून "माझा तीन वर्षांचा झाला तरी होत नाही" एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. शेजारच्या मुलाचं लवकर झालं म्हणून आपल्याही मुलाचं तेव्हाच व्हायला पाहिजे, असा नियम नाही.

तेल लावून ओढण्याची सवय घातक

आपल्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊ-माखू घालायची चांगली पद्धत आहे. मालिशमुळे बाळाला झोप लागते, अंग मोकळं होतं. पण काही घरांत याच वेळी शिश्नाची कातडीही रोज थोडी थोडी मागे ओढली जाते. "आता नाही केलं तर पुढं लग्नात अडचण येईल" अशी भीती त्यामागे असते. हेतू चांगला, परिणाम उलटा.

चिकटलेली कातडी जोर लावून सुटते तेव्हा ती फाटते. बाळ कळवळतं. टोकाला बारीक चिरा पडतात, थेंबभर रक्त येतं. दोन दिवसांत वरून बरं झाल्यासारखं दिसतं. पण चीर भरताना तिथे वण तयार होतो. वणाची कातडी कडक असते, ती ताणत नाही. पुन्हा ओढलं की पुन्हा चीर, पुन्हा वण. अशाने जी कातडी दोन-चार वर्षांत आपोआप मोकळी झाली असती तिचं तोंड कायमचं आवळून बसतं. जो आजार नव्हता तो ओढून आणला जातो.

दुसरा धोका म्हणजे ओढलेली कातडी बोंडामागे अडकते आणि पुढे येत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

तिसरा तोटा मनाचा. तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज तिथे दुखलं की ते अंघोळीला पळतं, हात लावू देत नाही, लघवी दाबून धरतं. मग खरंच तपासणीची वेळ येते तेव्हा डॉक्टरांनाही हात लावू देत नाही.

मालिश करणाऱ्या बाईला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नीट समजावून सांगावं. वाद घालायची गरज नाही. "डॉक्टरांनी तिथं ओढायला मनाई केलीय" एवढं म्हटलं तरी पुरतं.

या गोष्टींना घाबरू नका

लघवी करताना फुगा होणं : कातडीचं तोंड लहान आणि आतली जागा सुटलेली असली की लघवी आधी आत साठते आणि मग बाहेर येते. त्यामुळे क्षणभर फुगा दिसतो. मूल रडत नसेल, नंतर धार नीट पडत असेल, तर हा कातडी सुटू लागल्याचा एक टप्पा असतो. नुसत्या फुग्यासाठी ऑपरेशन लागत नाही.

कातडीखाली पांढऱ्या गोळ्या दिसणं : भाताच्या दाण्याएवढ्या पांढरट-पिवळसर गोळ्या कातडीखालून दिसतात. पालकांना वाटतं पू झाला किंवा गाठ आली. खरं तर त्या गळलेल्या पेशींचा मळ असतो. त्या दुखत नाहीत. कातडी सुटली की आपोआप बाहेर पडतात. दाबून काढायच्या नाहीत.

कातडी अर्धीच मागे जाणं : बोंडाचं टोक दिसतं पण कडा चिकटलेल्या असतात. हीसुद्धा पायरीच आहे. पुढचं काम काळ करतो.

कधीतरी टोक लालसर होणं : ओल्या लंगोटामुळे, डायपरमुळे टोकाला लाली येते. कोरडं ठेवलं की एक-दोन दिवसांत जाते. नाही गेली तर दाखवावं.

खरा आजार कसा ओळखायचा?

खऱ्या फायमोसिसमध्ये कातडी वणामुळे आवळलेली असते. घरच्या घरी पालकांना पुढच्या खुणा दिसू शकतात.

१. कातडीच्या तोंडाला पांढरट, जाड, कडक कडं तयार झालेलं दिसतं. निरोगी घट्ट कातडी हलकेच मागे नेली तर तिचं तोंड कळीसारखं थोडं उमलतं आणि आतून गुलाबी दिसतं. वण असलेली कातडी उमलत नाही.

२. आधी मागे जाणारी कातडी नंतर जाईनाशी होते. ही महत्त्वाची खूण आहे. मोठ्या मुलांत असं झालं तर नक्की दाखवावं.

३. टोकाला वारंवार चिरा पडतात, रक्त येतं, लघवी करताना आग होते.

४. वारंवार सूज येते, पू येतो, वास येतो. एकदा झालं तर मलम-औषधाने बरं होतं. पुन्हा पुन्हा होऊ लागलं तर मूळ कारण शोधावं लागतं.

५. लघवीची धार दोऱ्यासारखी बारीक होते, वाकडी जाते, लघवीला फार वेळ लागतो, मूल कुंथतं.

६. सर्दी-खोकला नसताना बाळाला ताप येतो. अशा वेळी लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग असू शकतो. लघवीची तपासणी करून घ्यावी.

पांढऱ्या कडक चट्ट्याचा एक वेगळा आजार असतो, त्याला डॉक्टर 'बीएक्सओ' म्हणतात. तो पाच वर्षांखाली क्वचित दिसतो, शाळकरी वयात जास्त. यात चट्टा लघवीच्या छिद्रापर्यंत पसरू शकतो आणि छिद्र बारीक होतं. इथे "होईल आपोआप बरं" म्हणून थांबायचं नसतं.

मोठ्या मुलाला वारंवार तिथे बुरशीचा संसर्ग होत असेल, त्याच्या जोडीला खूप तहान, सारखी लघवी आणि वजन घटणं असेल, तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेह लहान मुलांनाही होतो.

तान्ह्या मुलाची लघवी जन्मापासून थेंबथेंब पडत असेल तर तो प्रश्न कातडीचा नसून आत मूत्रमार्गातल्या अडथळ्याचा असू शकतो. त्यात किडनीवर परिणाम होतो. लगेच लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

थांबायचं नाही अशी वेळ

मागे ओढलेली कातडी बोंडामागे अडकते, दोरा बांधल्यासारखी आवळते आणि पुढचा भाग सुजत जातो. याला 'पॅराफायमोसिस' म्हणतात. आवळण्यामुळे रक्त खेळायचं थांबतं. तासागणिक सूज वाढते आणि कातडी पुढे आणणं अवघड होत जातं. फार उशीर झाला तर टोकाचा भाग काळा पडू शकतो.

अशा वेळी थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं सुजलेल्या भागाभोवती धरून हाताने हलका, सारखा दाब काही मिनिटं द्यावा. सूज थोडी उतरली तर कातडी पुढे येऊ शकते. आली नाही तर झटापट करू नये, दवाखान्याकडे निघावं. बर्फ थेट कातडीवर लावू नये. दोरा, रबर, सुई, पाला, चुना काही वापरू नये. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करावा.

याखेरीज लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगलं, मूल तळमळू लागलं, ताप येऊन मूल मलूल झालं, शिश्न लाल होऊन सूज वर चढू लागली, किंवा पँटच्या चेनमध्ये कातडी अडकून सुटत नसली, तरीही त्याच वेळी दवाखाना गाठावा. चेन जोरात ओढू नये.

रोजची स्वच्छता : कमी करा, पण नीट करा

बाळाचं शिश्न बाहेरून साध्या कोमट पाण्याने धुतलं की पुरे. आत बोट, कापूस, काडी घालायची नाही. जंतुनाशक औषधाचं पाणी, हळद, पावडर आत लावायची नाही. आतल्या नाजूक भागाची आग होते.

कातडी आपोआप मोकळी झाली की मुलाला स्वतःच शिकवावं : अंघोळीच्या वेळी दुखणार नाही इतकीच मागे घ्यायची, पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि पुन्हा पुढे आणायची. शेवटची पायरी कधी विसरायची नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला वडिलांनी किंवा काकांनी हे दात घासायला शिकवतात तसं सहज सांगावं.

मावळात पावसाळा मोठा. लोणावळ्याकडे आणि पवन, आंदर, नाणे मावळात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. भात लावणीच्या दिवसांत घरची मोठी माणसं खाचरात आणि पोरं दिवसभर ओल्या चड्डीत. ओल्या कपड्याने लाली, खाज आणि बुरशी वाढते. चड्डी अर्धवट ओली घालू नये. इस्त्री फिरवून किंवा उबेला धरून पूर्ण कोरडी करावी. रात्री बाळाला डायपर घालत असाल तर तो वेळेवर बदलावा आणि दिवसा थोडा वेळ उघडं ठेवावं.

उपचार : तीन पायऱ्या

*पहिली पायरी, वाट पाहणे.* वय लहान आणि त्रास काही नाही, तर हाच उपचार. डॉक्टरांनी "काही करायचं नाही" सांगितलं म्हणजे त्यांनी दुर्लक्ष केलं असं नव्हे. त्यांनी तपासून, वण नाही हे बघून सांगितलेलं असतं.

*दुसरी पायरी, मलम.* मूल मोठं झालंय, कातडी घट्टच आहे, किंवा वारंवार त्रास होतो, अशा वेळी डॉक्टर स्टिरॉइडचं मलम देतात. बेटामेथासोन किंवा मोमेटासोन या औषधांचं मलम साधारणपणे वापरतात. कातडीच्या घट्ट कड्यावर पातळ थर, बहुधा दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. मलमाने कातडी मऊ होते आणि ताण घेऊ लागते. डॉक्टर दाखवतील त्याप्रमाणे कातडी दुखणार नाही इतपतच मागे न्यायची आणि परत पुढे आणायची. नियमाने केलं तर बहुसंख्य मुलांना गुण येतो आणि ऑपरेशन टळतं. काहींना मलम बंद केल्यावर पुन्हा घट्टपणा येतो, मग डॉक्टर दुसऱ्यांदा देतात.

इथे एक सावधगिरी. मेडिकलमधून गजकर्णासाठी आणलेलं मिश्र मलम घरात पडलेलं असतं. "त्यातपण स्टिरॉइड आहे" म्हणून तेच मुलाला लावू नये. औषध कोणतं, किती जोराचं आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडायचंही नाही आणि बरं वाटलं म्हणून महिनोन्‌महिने लावतही बसायचं नाही.

*तिसरी पायरी, ऑपरेशन.* वणाने आवळलेली कातडी, बीएक्सओ, मलमाने न गेलेला त्रास, वारंवार जंतुसंसर्ग किंवा पॅराफायमोसिस होऊन गेलेलं असेल, तर डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. यात दोन प्रकार आहेत. एकात पुढची कातडी काढतात. दुसऱ्यात कातडी ठेवून फक्त तिचं तोंड रुंद करतात. बीएक्सओ असेल तर सहसा कातडी काढावी लागते. कोणता प्रकार आपल्या मुलाला योग्य आणि का, हे सर्जनला विचारावं.

हळूहळू आणि न दुखवता, हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. सुश्रुतसंहितेत या आजाराला 'निरुद्धप्रकश' म्हटलं आहे. कातडी मागे अडकण्याला 'परिवर्तिका' आणि कातडी फाटण्याला 'अवपाटिका' अशी वेगळी नावं आहेत. निरुद्धप्रकशावर तूप लावलेली नळी घालून, दर तीन दिवसांनी थोडी जाड नळी वापरत तोंड रुंद करायची पद्धत तिथे सांगितली आहे. म्हणजे त्या काळच्या वैद्यांनीही एका झटक्यात ओढायला सांगितलेलं नाही. अर्थात नळीचा हा प्रयोग आज घरी कोणी करायचा नाही. आज त्याहून सोपं आणि सुरक्षित मलम आहे.

ऑपरेशनला 'हो' म्हणण्याआधी

लहान मुलांत हे ऑपरेशन बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन करतात. म्हणून लहान मुलांचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोन्ही आहेत ना, हे पाहावं. मुलाला काविळ, दमा, हृदयाचा त्रास असेल, घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर आधी सांगावं. किती तास उपाशी ठेवायचं ते रुग्णालय सांगेल. "एवढंसं दूध दिलं तर काय होतंय" असं करू नये. भुलेत उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकतं.

लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल, तर कातडी काढायचीच नाही. अशा मुलाचं छिद्र दुरुस्त करताना हीच कातडी कामाला येते. तपासणीच्या वेळी दोन्ही गोळ्या पिशवीत उतरल्या आहेत का, हेही विचारून घ्यावं.

संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर उपजिल्हा रुग्णालयात पायाच्या जखमेसाठी दाखल केलेल्या ९ वर्षांच्या मुलाच्या शिश्नाचं ऑपरेशन झाल्याची तक्रार त्याच्या पालकांनी केली होती. मुलाला फायमोसिसही होता, दोन्ही ऑपरेशनं गरजेची होती, पालकांना सांगायचं राहिलं, असं रुग्णालयाच्या बाजूने तेव्हा सांगण्यात आलं. यातून पालकांनी घ्यायचा धडा एवढाच की कशाचं ऑपरेशन, कोणत्या भागाचं, ते करणार कोण, हे मराठीत समजावून घ्यायचं आणि कागदावर तेच लिहिलंय का ते बघायचं. वाचता येत नसेल तर गावातल्या आशाताईंना किंवा नात्यातल्या शिकलेल्या माणसाला सोबत न्यायचं. विचारणं हा पालकांचा हक्क आहे, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

ऑपरेशननंतर

बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी येतात. चार-पाच दिवस सूज आणि दुखणं असतं. बोंडावर पिवळसर पापुद्रा दिसतो, तो पू नसतो. टाके बहुधा विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळतात. सैल चड्डी किंवा लुंगी घालावी. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावावं म्हणजे कपडा चिकटत नाही. साधारण आठवडाभर शाळा बंद आणि दोन-तीन आठवडे सायकल, ओढ्यातलं पोहणं, चिखलात खेळणं बंद.

थोडं रक्त आलं तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून धरावं. थांबलं नाही, ताप आला, लघवी झाली नाही किंवा लाली पसरत चालली, तर ताबडतोब ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात जावं. बीएक्सओ असलेल्या मुलाला नंतरही तपासणीला न्यावं लागतं.

सुंता, धर्म आणि लोकांचं बोलणं

कातडी काढायची म्हटलं की काही घरांत "लोक काय म्हणतील" हा प्रश्न येतो आणि गरजेचं ऑपरेशन वर्षानुवर्षे पुढे ढकललं जातं. आजारासाठी केलेल्या ऑपरेशनचा धर्माशी संबंध नसतो. ते अपेंडिक्ससारखंच एक ऑपरेशन आहे आणि ते गावाला सांगायची गरजही नसते.

मुस्लीम कुटुंबांत सुंता ही धार्मिक रीत आहे. ती करायची असेल तर रुग्णालयात, निर्जंतुक साधनांनी आणि आधी छिद्राची जागा तपासूनच करून घ्यावी, म्हणजे मुलाला धोका राहत नाही.

कातडी घट्ट असल्याने पुढे मूल होत नाही, हा गैरसमज आहे. बीज गोळ्यांत तयार होतं, कातडीत नाही. मोठेपणी घट्टपणा आणि दुखणं राहिलंच तर त्यावरही उपचार आहेत.

मावळात कुठे दाखवायचं?

पहिली तपासणी गावाजवळच होऊ शकते. कार्ला, खडकाळा, टाकवे, येळसे इथे प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. पुढे कान्हे इथलं शासकीय रुग्णालय आहे. लहान मुलांच्या सर्जनची गरज पडली तर तिथून पुढची चिठ्ठी घेऊन औंध जिल्हा रुग्णालय, पिंपरीतलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्यातलं ससून रुग्णालय गाठता येतं. ससून पुणे स्टेशनजवळच आहे, त्यामुळे लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावकडच्या लोकांना लोकलने सोपं पडतं.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. यात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी येतात. ससून आणि महापालिकेच्या रुग्णालयांचे नियम वेगळे आहेत. तिथे खर्चाचं आधी विचारावं, तसंच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारावं. रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला आणि जुने केसपेपर सोबत ठेवावेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मुलाला त्रास असेल तर तपासणीच्या दिवशी अंगणवाडी सेविकेला आधी सांगून ठेवावं आणि शक्यतो आई किंवा वडिलांनी स्वतः हजर राहावं. फोनवर सल्ला हवा असेल तर आरोग्य विभागाचा १०४ हा नंबर आहे.

मोबाईलवाल्यांनी एवढं पाळा

मुलाच्या गुप्तांगाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोणाला माहितीय का" म्हणून टाकू नये. एकदा गेलेला फोटो परत येत नाही, कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही आणि कायद्यानेही ते महागात पडू शकतं. यूट्यूबवर 'पाच मिनिटांत कातडी मोकळी' असे व्हिडिओ फिरतात, ते बघून प्रयोग करू नयेत.

मुलाला हेही सांगावं की डॉक्टर तपासतील तेव्हा आई किंवा वडील जवळ असतील. बाकी कोणी तिथे हात लावला तर घरी येऊन सांगायचं. दुखत असेल तर लाजायचं नाही. "तिथलं बोलायचं नाही" असं ज्या घरात शिकवतात, त्या घरातलं पोरगं दुखणंही लपवतं आणि आजार वाढल्यावर कळतं.

(ही माहिती सर्वसाधारण माहितीसाठी आहे. मुलाला प्रत्यक्ष तपासून डॉक्टर जे सांगतील तेच ग्राह्य धरावे.)